पाच इंची कॉम्प्युटर आणि परगावचं गिऱ्हाईक

प्रिय दादा,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन केला नाही, कारण तुझा फोन आला की आई स्पीकर लावते आणि शेजारच्या खोलीत बाबा रेडिओ बारीक करतात. मेसेज केला नाही, कारण तू पहिली ओळ वाचून अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. तुझ्याकडे एक काम आहे आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, म्हणजे तुला मधलंही वाचावं लागेल.

वर्कशॉपसाठी मी नवा कॉम्प्युटर घेतला, हे आईने तुला सांगितलं असेलच. बहुतेक ‘हिने एवढे पैसे घालून डबी आणली’ असं सांगितलं असेल. तुझा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर आता काम करण्यापेक्षा सुरू होण्यातच जास्त वेळ घालवत होता. बाबा सकाळी बटण दाबून एका दाराला पॉलिशचा हात मारून यायचे, तरी त्याचं आपलं चाललेलंच. एका रविवारी मी तो उघडला. आत पंखा दिसला नाही, नुसता भुसा दिसला. मिस्त्रीकाकांनी तो मुठीत घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाले, “थोडा सरस घातला तर यातून एक पाट निघेल.” मिस्त्रीकाका तुझ्या वेळी होते तसेच आहेत. बाबांच्याही आधीपासून त्या वर्कशॉपमध्ये असल्यामुळे ते स्वतःला इमारतीचा भाग समजतात आणि इमारतीला कोणी काही बोलत नाही.

मी म्हणाले, नवा घेऊ, पैसे मी घालते. बाबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांनी टेबल करायला घेतलं. तू ओळखतोसच त्यांना, सुताराच्या घरात वस्तू नंतर येते आणि तिची जागा आधी तयार होते. त्यांनी तुझ्या जुन्या डब्याचं माप घेतलं, चारी बाजूंनी दोन-दोन इंच ‘हवेला’ म्हणून सोडले, आणि टेबलाच्या उजव्या अंगाला एक कप्पा केला. त्याला जाळीचं दार, दाराला पितळी मूठ, आत खाली बारीक चाकं लावलेली फळी, म्हणजे साफसफाईच्या वेळी कॉम्प्युटर बाहेर ओढता यावा. जवळजवळ कपाटच. मला विचारलं असतं तर मी कंपनीतून फोनवर सांगितलं असतं. पण या घरात विचारण्याची पद्धत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे.

मी संध्याकाळी आले आणि पर्समधून कॉम्प्युटर काढला. मिस्त्रीकाका माझ्या मागे दाराकडे बघत राहिले. “बाकीचा कुठाय?” म्हणाले. मी म्हणाले, एवढाच आहे. बाबांनी टेप काढला. पाच इंच बाय पाच इंच, उंची दोन इंचाला दोन सूत कमी, म्हणजे पावणेदोन इंच. मग किंमत विचारली. मी सांगितली. माझा दीड महिन्याचा पगार, म्हणजे तुला अंदाज येईल. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, प्लायच्या एका तुकड्यावर गणित मांडलं आणि तो तुकडा मिस्त्रीकाकांच्या हातात दिला. बाबांनी भाव चौरस फुटाला काढला होता. पंचवीस चौरस इंच म्हणजे चौरस फुटाचा साधारण सहावा हिस्सा, तेव्हा किमतीची जवळजवळ सहापट. गणित बरोबर होतं, मी तपासलं. मिस्त्रीकाका तो आकडा वाचून जवळच्या स्टुलावर बसले आणि त्या स्टुलाचा सरस अजून वाळायचा होता. त्यांना जमिनीवरून उठवताना बाबा म्हणाले, “या भावात लोक राहायला जागा घेतात.”

मग तो कॉम्प्युटर त्या कप्प्यात ठेवण्यात आला. जाळीतून बघितलं तर मंगल कार्यालयात एकटाच आलेला पाहुणा बसावा तसा दिसत होता. तारा पुरेनात, म्हणून शेवटी टेबलावर, स्क्रीनच्या बाजूला आला. कप्पा रिकामा राहिला. आठवडाभर बाबा जेवायला बसले की त्या कप्प्याला किती बोर्डफूट लाकूड लागलं ते आईला सांगायचे. सांगायचे आईला, बघायचे माझ्याकडे.

मी त्यांना समजावलं, रागवून नाही, आकडे देऊन. कंपनीत माझं कामच यंत्रं किती तापतात ते मोजणं. याला पंखा नाही. पंखा नाही म्हणून हवेची भोकं नाहीत, भोकं नाहीत म्हणून भुसा आत जायला वाट नाही. आतली उष्णता बाहेर काढायचं काम त्याचं धातूचं अंगच करतं, आणि ते अंग नीट बनवायलाच पैसे पडतात. लॅपटॉप का नाही, तर त्याच्या कीबोर्डात पहिल्याच दिवशी भुसा गेला असता. मोठा डबा स्वस्त मिळतो, पण वर्षाने पुन्हा त्यातून पाट निघाला असता. लहान म्हणून महाग नाही, बंद असूनही तापून मरत नाही म्हणून महाग. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खोक्यावरचा कागद वाचता वाचता त्यांना कळलं की जाहिरातीतल्या किमतीत मेमरी आणि डिस्क धरलेलीच नसते, ती वेगळी विकत घ्यायची असते. मी ती गोष्ट शेवटी सांगणार होते. “म्हणजे कपाट घ्या, बिजागऱ्या वेगळ्या,” बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, रंधा हातात घेऊन, “तोपण हेच विकतो ना?”

‘तो’ म्हणजे तू. तुझं नाव घरात दोन वर्षं बंद आहे. तू त्या तयार फर्निचरवाल्या कंपनीत नोकरी धरलीस, खोक्यात घडी करून घातलेली कपाटं आणि त्यांच्याबरोबर स्क्रूची पुडी विकायला लागलास, तेव्हापासून तू ‘तो’ झालास. निघताना तू म्हणालास, घर लागलं की या राहायला. बाबा म्हणाले, “वर्कशॉप काय पिशवीत घालून आणू?” त्यानंतर तुम्ही दोघं बोललेला नाहीत. ते आईला म्हणतात त्याला सांग, तू आईला म्हणतोस त्यांना सांग, आणि आई विसरते म्हणून सगळं माझ्यावर येतं. मी तक्रार करत नाही, फक्त नोंदवते. दोन यंत्रांमधल्या तारेवर कायम भार ठेवला की तीही तापते, हे आमच्या लॅबमध्ये आम्ही रोज बघतो.

असो. कॉम्प्युटर हरवला ती गोष्ट आईने तुला अर्धीच सांगितली, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. पूर्ण अशी आहे. एका सकाळी बाबा टेबलापाशी गेले तर स्क्रीन जागेवर, कीबोर्ड जागेवर, तारा व्यवस्थित गुंडाळून ठेवलेल्या, आणि कॉम्प्युटर नाही. बाबांनी खण उपसले. आई घरातून बॅटरी घेऊन आली आणि दिवसाढवळ्या कपाटांखाली उजेड पाडत फिरली. मला कंपनीत फोन आला. बाबांनी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. “मोठा असता तर हरवला असता का?” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. येताना वाटेत चोराचा विचार केला, पण तारा गुंडाळून ठेवणारा चोर मला पटेना. वर्कशॉपमध्ये मधोमध एक मोठं तीन दारी कपाट उभं होतं, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. आपल्याकडची जमीन त्या बाजूला उतरती आहे, तुला आठवत असेल. दारं लावताना कपाट हलू नये म्हणून चार पायांखाली चार ठोकळे सरकवले होते. मी वाकून पाहिलं. तीन ठोकळे सागाचे होते. चौथ्याला यूएसबीची भोकं होती.

मिस्त्रीकाकांना त्यात काहीच गैर वाटलं नाही. त्यांच्या हिशेबी कॉम्प्युटर म्हणजे स्क्रीन, आणि स्क्रीनला त्यांनी हातही लावला नव्हता. “दोन इंचाला दोन सूत कमी,” ते म्हणाले. “अगदी तेवढाच हवा होता. असा मापाचा ठोकळा शोधून मिळत नाही. तारा लटकत होत्या त्या मी काढून नीट ठेवल्या.” सगळ्यात वाईट म्हणजे हे सगळं खरं होतं. आम्ही तिघांनी कपाट उचललं, आईने खालून कॉम्प्युटर ओढला, पदराने पुसला. अंगावर एक ओरखडा. मी तारा जोडल्या, बटण दाबलं, चालू झाला. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. त्या कपाटाचं वजन त्यांना माहीत होतं, कारण ते त्यांनी केलेलं होतं. “पेलतो,” ते म्हणाले. आजपर्यंत माझ्या शिक्षणाबद्दल त्यांच्या तोंडून इतका चांगला शब्द निघालेला नव्हता. आता कोणी गिऱ्हाईक आलं की त्याला तो ओरखडा दाखवतात. महाग आहे, पण वरती तीन दारी कपाट उभं राहतं, असं सांगतात. लोक ‘हो का’ म्हणतात. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून त्यांचं आणि त्याचं जमलं. ड्रॉइंग ते आता माझ्याशिवाय काढतात. प्लायच्या कुठल्या फळीतून कुठला तुकडा कापायचा, म्हणजे वाया कमी जाईल, ते त्यावर मांडतात, आणि मिस्त्रीकाकांच्या मुलीने त्यांना दिलेल्या फोनवर पाठवतात. दोघं दहा फुटांवर असतात, तरी पाठवतात. मिस्त्रीकाका फोन नाकाशी धरून बघतात, म्हणतात, “पोचलं,” आणि करवत लावतात. मी एकदा विचारलं, हाक मारली तर चालणार नाही का? बाबा म्हणाले, “लांबून चालतं का ते बघतोय.” मी तेव्हा त्यावर विचार केला नाही. करायला हवा होता.

मग एकदा बाबांनी मला लाडात हाक मारली, “मिलिमीटर, आईच्या फोनमधले फोटो या स्क्रीनवर येतील का गं? रंग नीट दिसतात का बघायचं होतं.” कुठले फोटो, मी विचारलं. “कुठलेही. सगळ्यात वरचे असतील ते.” सगळ्यात वरचे फोटो तुझ्या नव्या घराचे होते. मी ते टाकले आणि चहा करायच्या निमित्ताने उठले. परत आले तर बाबा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावून बसले होते आणि पेन्सिलीच्या टोकाने तुझी फरशी मोजत होते. आजकाल फरशी किती इंची येते, त्यांनी विचारलं. चोवीस, मी म्हणाले. “हं. एका गिऱ्हाइकाचं काम आहे,” ते म्हणाले, “परगावचं आहे.”

तेव्हापासून परगावचं गिऱ्हाईक आमच्याकडे राहायलाच आल्यासारखं आहे. बाबांनी तुझी बाहेरची खोली फरशा मोजून काढली. दाराची उंची सात फूट धरून भिंतीची उंची काढली. खिडकीचा गज मोजून खिडकी काढली. मी चोरून पडताळा घेतला, तू मागे आईला पाठवलेला घराचा नकाशा माझ्याकडे आहे. बाबांची खोली आणि बिल्डरची खोली यांत दीड इंचाचा फरक आहे आणि माझा अंदाज आहे की चूक बिल्डरची असावी. नकाशा माझ्याकडे आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. ते कोणाचं घर काढतायत हे त्यांनी मला सांगितलं नाही. आम्ही दोघं एकाच स्क्रीनसमोर बसून तुझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटांना खण किती हवेत यावर वाद घालतो आणि दोघंही ‘गिऱ्हाईक’ म्हणतो. आई मधून येऊन बघते आणि म्हणते, “अगं बाई, हा तर…” आणि मी तिला आत घेऊन जाते.

एका फोटोत तुझं जेवायचं टेबल आहे, तुमच्याच कंपनीचं. बाबांनी तो फोटो इतका मोठा केला की स्क्रीनवर नुसता एक पाय राहिला. पायाखाली कागदाची घडी होती. दादा, मला माझ्या फोनवर ती दिसली नव्हती. बाबांनी मिस्त्रीकाकांना बोलावून दाखवली. “कागद,” मिस्त्रीकाका म्हणाले. “ठोकळासुद्धा नाही.” त्या संध्याकाळी बाबा फारसे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी परगावच्या गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये एक जेवायचं टेबल आलं. सागाचं, चार खुर्च्यांचं. मी विचारलं, गिऱ्हाइकाच्या घरात माणसं किती? बाबांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. “असतील चारेक,” म्हणाले. तू तिथे एकटा राहतोस.

आणि आता तुझ्याबद्दल. एक साधा प्रश्न आहे, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. कोणी आईला रिकाम्या भिंतींचे पाच-पाच फोटो पाठवतं का? एकही फोटो तुझा नाही, गॅलरीतल्या झाडाचा नाही, खिडकीबाहेरचा नाही. नुसत्या भिंती आणि फरशा, प्रत्येक कोपऱ्यातून, दिवा लावून. दिवसभर फर्निचर विकणाऱ्या माणसाला टेबलाचा पाय दोन मिनिटांत नीट करता येतो, आणि नसेल येत तर निदान फोटोत कागद दिसू नये एवढं कळतं. मी निष्कर्ष काढत नाही. निरीक्षण कळवते.

मला स्वतःला यात काही नको आहे. फक्त कधीतरी घरी फोन वाजावा आणि रेडिओ बारीक होऊ नये, बंद व्हावा, असं वाटतं. बस, तेवढंच.

तर काम असं. गेल्या आठवड्यात बाबांनी कॉम्प्युटरसाठी सागाची पेटी केली. आतून फेल्टचं मऊ अस्तर, वर चामड्याचा पट्टा, तारांना वेगळा खण. मग मला विचारलं, हा दुसरीकडे नेला तर चालायला काय लागतं? दुसरीकडे म्हणजे कुठे, मी विचारलं. “कुठेही.” मी सांगितलं की याला स्वतःची स्क्रीन नसते, जिथे जाईल तिथली लागते. “गिऱ्हाइकाकडे असेल का?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, विचारून सांगते. तर विचारते आहे: आहे का? नसेल तर आण, टीव्ही असेल तर तोही चालेल. मिस्त्रीकाकांना सांगून झालं आहे, पंधरा दिवस ड्रॉइंग तिकडून येईल, कटिंग इथे करायचं. टेबलाच्या त्या जाळीच्या कप्प्यात आता बाबांची प्रवासाची पिशवी भरून ठेवलेली आहे. अगदी मापात बसली आहे. आईला वाटतं ती लपवलेली आहे, बाबांनाही तसंच वाटतं, पण दाराला जाळी आहे. अडलं आहे ते एकाच मापावर. तुझ्या स्वयंपाकघरात फ्रिजमागची भिंत कुठल्याच फोटोत दिसत नाही आणि तिथला कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आहे की नाही हे त्यांना कळत नाही. परवा बाबा आईला म्हणाले, त्याला विचार फ्रिजमागे जागा किती आहे. आई या रविवारी विचारेल. दादा, हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिते आहे: ते माप सांगू नकोस. तू कामसू आहेस, फ्रिज ओढून मोजशील, फोटो काढून पाठवशील, आणि ड्रॉइंग पुरं होईल. पुरं झालं की बाबा सामान ट्रकमध्ये भरून मिस्त्रीकाकांबरोबर पाठवतील आणि पिशवी रिकामी करतील. माप मिळालं नाही, तर ते घ्यायला त्यांना यावंच लागेल. तेव्हा फ्रिज भिंतीला लावलेलाच असू दे. टेबलाच्या पायाखालचा कागद काढू नकोस. आणि आईने विचारलं तर सांग, घरात टेप नाही. तू काय विकतोस ते बाबांना माहीत आहे, त्यांचा लगेच विश्वास बसेल.

तुझीच,
मिलिमीटर